तपासणी पथक येण्याआधी पटसंख्येची वही उघडा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही अमेरिकेतल्या एका टेक्निकल हायस्कूलमध्ये उपमुख्याध्यापिका आहात. राज्याच्या शिक्षणखात्याचं नागरी हक्क तपासणी पथक चार महिन्यांनी येणार आहे आणि तयारीची जबाबदारी तुमच्यावर आली आहे. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. कोणते कागद जमवायचे? 'आमच्याकडे कुणालाच प्रवेश नाकारत नाहीत', मग घाबरायचं कशाला? आणि वेल्डिंगच्या शिक्षकांनी ऐकू न येणाऱ्या एका मुलाला सुरक्षेच्या कारणावरून घ्यायला नकार दिला आहे, ते बरोबर आहे का?

मी सतरा वर्षं एका राज्याच्या शिक्षणखात्यात याच तपासण्या केल्या. त्याआधीची ओळख घरातलीच. वडील सांगलीकडे आयटीआयमध्ये कातारी व्यवसायाचे निदेशक होते. लेथचा आवाज आणि कूलंटचा वास माझ्या लहानपणातच आहे, त्यामुळे वर्कशॉपात शिकणाऱ्या मुलांबद्दल मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकते.

मधला प्रश्न आधी घेते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. 'आम्ही कुणालाच नाकारत नाही' हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक शाळेत ऐकलं, आणि सांगणारी माणसं खोटं बोलत नव्हती. पण त्याच शाळेत वेल्डिंगच्या वर्गात दोन मुली असायच्या, कॉस्मेटॉलॉजीत एकही मुलगा नसायचा आणि इंग्रजी नव्यानं शिकणारी मुलं नेमकी एकाच विभागात गोळा झालेली असायची. नकाराचा कागद कुठेच नव्हता, कारण ती मुलं अर्ज करायलाच आलेली नव्हती. आठवीत कुणीतरी म्हणालं होतं, 'तुला तिथं जमेल का?' आणि विषय संपला होता. तपासणी नियमानं केली तर ती या जागेपर्यंत पोचते. तुमची तयारीही तिथूनच सुरू व्हायला हवी.

आपल्या लोकांचा एक हमखास गैरसमज होतो, तो इथेच दूर करते. महाराष्ट्रात आयटीआयच्या प्रवेशात प्रवर्गनिहाय आणि मुलींसाठी जागा राखीव असतात. त्यामुळे समान संधी म्हटलं की आपल्या डोक्यात राखीव जागांचा तक्ता येतो. अमेरिकेत तसं करता येत नाही. 'वेल्डिंगच्या वीस जागांपैकी सहा मुलींना' असा नियम तुम्ही केलात तर तोच लिंगभेद ठरेल. इथला कायदा कोटा मागत नाही. तो विचारतो की तुमच्या वाटेत असा कोणता अडथळा आहे, जो एका गटाला जास्त अडवतो आणि ज्याची त्या शिक्षणाला खरी गरज नाही? उत्तर म्हणून माहिती पोचवणं, भाषेची मदत, रॅम्प, समुपदेशन, प्रवेशाचे निकष तपासणं अशी कामं करावी लागतात. जागा वाटून दिल्या की काम झालं, अशी सोय इथे नाही, म्हणून हे काम जास्त बारकाईचं आहे.

ही तपासणी कुठून आली हे माहीत असलं की पथक काय शोधतं ते कळतं. अमेरिकेच्या केंद्र सरकारनं व्यवसायशिक्षणाला पैसा द्यायला सुरुवात केली ती १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्यानं. शेती, गृहशास्त्र आणि कारागिरीचे व्यवसाय, अशी त्याची रचना. गृहशास्त्र मुलींचं, वर्कशॉप मुलांचं, ही विभागणी त्या पैशाबरोबरच रुजली. दक्षिणेकडे गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या, त्यामुळे यंत्रं आणि व्यवसायही वेगळे झाले. पुढे १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातल्या टायटल सिक्सनं वंश, रंग आणि मूळ देश यांवरून भेदभावाला बंदी केली, १९७२ च्या टायटल नाइननं लिंगावरून आणि १९७३ च्या सेक्शन ५०४ नं अपंगत्वावरून. टायटल नाइनच्या मूळ मजकुरातच प्रवेशाबाबत ज्या संस्थांना नियम लागू आहे त्यांत व्यवसायशिक्षणाचं नाव घेऊन उल्लेख आहे. पण कायदे झाले तरी सरकार ते राबवत नाही, अशी तक्रार घेऊन एनएएसीपीचा लीगल डिफेन्स फंड, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी खटले लढवणारी संस्था, १९७० मध्ये न्यायालयात गेला. तो खटला वर्षानुवर्षं चालला. ॲडम्स विरुद्ध कॅलिफानो या नावानं त्यात जे आदेश झाले, त्यांचा परिणाम म्हणून तेव्हाच्या आरोग्य, शिक्षण आणि कल्याण खात्यानं मार्च १९७९ मध्ये व्यवसायशिक्षणासाठी खास मार्गदर्शक तत्त्वं काढली. केंद्राचा पैसा शाळांना वाटणाऱ्या प्रत्येक राज्यानं आपल्या शाळा तपासाव्यात आणि ऑफिस फॉर सिव्हिल राइट्सला, म्हणजे ओसीआरला, अहवाल द्यावा, ही पद्धत तिथून आली. आमच्या खात्यात तिला एमओए म्हणतात, मेथड्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन.

ती १९७९ ची तत्त्वं एकदा बैठक मारून वाचा. पथकाच्या हातातली प्रश्नावली त्यांच्यातूनच येते. भाषा सरकारी आहे, पण मजकूर इतका नेमका आहे की लिहिणारे प्रत्यक्ष शाळांमधून फिरले असावेत असं मला कायम वाटत आलं.

आता वहीकडे वळू. शाळेची एकूण पटसंख्या घ्या आणि ती मुलगे-मुली, वंश, इंग्रजी शिकणारे, अपंगत्व असलेले अशी फोडा. मग हीच फोड प्रत्येक व्यवसायाची करा. समजा शाळेत निम्म्या मुली आहेत आणि ऑटोमोटिव्हच्या साठ मुलांत तीन मुली. हा आकडा स्वतः गुन्हा नाही. तो प्रश्न आहे, आणि तुमच्याकडे त्याचं उत्तर शोधल्याची खूण हवी. किती मुलींनी अर्ज केला होता? किती जणींनी वर्कशॉपात दिवसभर बसून पाहिलं होतं? किती आल्या आणि पहिल्या सहामाहीत सोडून गेल्या? गळती झाली असेल तर ती समुपदेशनापेक्षा वर्कशॉपातल्या वातावरणाची गोष्ट असते. पर्किन्स कायद्यात, म्हणजे व्यवसायशिक्षणाला आज केंद्राचा निधी देणाऱ्या कायद्यात, २०१८ च्या सुधारणेनंतरही, ज्या व्यवसायात एका लिंगाचे २५ टक्क्यांहून कमी लोक आहेत तो त्या लिंगासाठी अपारंपरिक धरतात. त्यामुळे नर्सिंगमधला मुलगा आणि प्लंबिंगमधली मुलगी दोघंही त्यात येतात. याच कायद्यानं दर दोन वर्षांनी स्थानिक गरजांची पाहणी करायला सांगितली आहे. तुमच्या शाळेनं ती केली असेलच. बहुतेक ठिकाणी निधीच्या अर्जासाठी ती पाहणी एक जण करतो आणि नागरी हक्कांचं काम दुसऱ्याकडे असतं. दोघांनी एकमेकांचे आकडे पाहिलेले नसतात. त्यांना एका टेबलाशी बसवा.

प्रवेशाचे निकष हा सगळ्यात खोल भाग आहे, म्हणून इथे जरा थांबते. ज्या शाळेत जागांपेक्षा अर्ज जास्त, तिथे निवड करावी लागते, आणि ती प्रामाणिकपणे केली तरी अन्याय होऊ शकतो. १९७९ च्या तत्त्वांत निकषांची उदाहरणं नावानिशी दिली आहेत: आधीचे गुण, शिस्तभंगाच्या नोंदी, समुपदेशकाची मान्यता, शिक्षकांची शिफारस, कलचाचणी, प्रमाणित परीक्षा. यांतला एखादा निकष एका गटाला प्रमाणाबाहेर गाळत असेल, तर तो त्या व्यवसायशिक्षणासाठी आवश्यक आहे आणि तेवढंच साधणारा, कमी गाळणारा दुसरा मार्ग नाही, हे शाळेनं सिद्ध करायचं असतं. सुतारकाम शिकायला सातवीतले इतिहासाचे गुण का लागतात, याचं उत्तर तुमच्याकडे तयार हवं. उत्तर नसेल तर निकष काढा.

याचं अलीकडचं, अगदी मासलेवाईक उदाहरण मॅसॅच्युसेट्सचं. तिथल्या व्होकेशनल, म्हणजे व्यवसायशिक्षणाच्या, शाळांना प्रचंड मागणी आहे, प्रतीक्षायाद्या लांब असतात. वर्षानुवर्षं निवड होत होती ती गुण, हजेरी, शिस्तीच्या नोंदी, समुपदेशकाची शिफारस आणि बऱ्याच ठिकाणी मुलाखत यांवर. म्हणजे १९७९ च्या यादीतलीच बरीचशी नावं. कमी उत्पन्नाची, अपंगत्व असलेली, इंग्रजी शिकणारी मुलं आणि कृष्णवर्णीय व लॅटिनो मुलं यांना त्याचा फटका बसतो, अशी तक्रार पालक आणि संघटना सातत्यानं करत होत्या. २०२१ मध्ये राज्य मंडळानं नियम सैल केले आणि समन्यायी निवडीची जबाबदारी शाळांवर सोपवली. बहुतेक शाळांनी जुने निकष जवळपास तसेच ठेवले. २०२३ मध्ये प्रकरण तक्रारीच्या रूपानं ओसीआरपर्यंत गेलं. शेवटी मे २०२५ मध्ये मंडळानं जागांपेक्षा अर्ज जास्त असतील तिथे सोडत काढायचं ठरवलं. गुण, शिफारस आणि मुलाखत बाहेर गेले. हजेरी, गंभीर शिस्तभंग आणि आवड दाखवणं यांचा मर्यादित विचार तेवढा उरला. सोडत हा एकमेव उपाय आहे असं मी म्हणणार नाही. ज्या मुलाला खरोखर वायरमन व्हायचंय त्याचा नंबर न लागता केवळ घरचे म्हणाले म्हणून आलेल्या मुलाचा लागतो, हे दुःख सोडतीत आहेच. पण मुलाखतीच्या खोलीत काय चालतं ते मी पाहिलं आहे. गोड बोलणारी, डोळ्यांत बघून उत्तर देणारी, पालकांनी इस्त्रीचा शर्ट घालून आणलेली मुलं पुढे जातात. हातात कला असलेला पण बोलायला बुजणारा मुलगा मागे राहतो. माझ्या वडिलांचे सर्वांत चांगले कातारी मुलाखतीत नापास झाले असते.

इथल्या मराठी कुटुंबांना हा मुद्दा दूरचा वाटतो, म्हणून एक आठवण करून देते. न्यू जर्सीत बर्गन, मॉनमथ, मिडलसेक्स या काउंट्यांमधल्या ज्या विज्ञान-तंत्रज्ञान अकादम्यांसाठी आपली मुलं सहावीपासून क्लास लावतात, त्यांतल्या बऱ्याच काउंटीच्या व्होकेशनल शिक्षणाच्या यंत्रणेखालीच चालतात. म्हणजे 'व्होकेशनल म्हणजे मागे पडलेल्यांचं' असं म्हणत आपण रांगेत उभे राहतो ते व्होकेशनलच्याच. प्रवेशपरीक्षा कुणाला आत घेते आणि कुणाला बाहेर ठेवते, हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे, आणि त्यात आपण बहुधा आतल्या बाजूला असतो.

समुपदेशनाबद्दल तत्त्वांत एक वाक्य आहे, ते मी तपासणीला जाताना कागदावर लिहून न्यायचे. सारखीच क्षमता आणि आवड असलेल्या इतर मुलांपेक्षा अपंगत्व असलेल्या मुलांना अधिक मर्यादित व्यवसायांकडे वळवू नये, असा त्याचा आशय. वळवणं हा शब्द महत्त्वाचा. मी मुलाखती घ्यायचे तेव्हा समुपदेशकांना नियम विचारत नसे. विचारायचे, 'गेल्या वर्षी व्हीलचेअरवरच्या कुणी मशीनिंगबद्दल विचारलं का? तुम्ही काय सांगितलंत?' एका शाळेत उत्तर आलं, 'मी त्याला कॉम्प्युटर ग्राफिक्स सुचवलं, त्याच्या भल्यासाठी.' त्या बाई मनापासून काळजी करणाऱ्या होत्या. त्या मुलाला मी शोधून विचारलं. त्याचे काका मशीनिस्ट होते आणि त्याला तेच करायचं होतं. तुमच्या समुपदेशकांबरोबर एक दुपार घालवा, आणि तुमच्या शाळेत मुलं पाठवणाऱ्या मिडल स्कूलच्या समुपदेशकांनाही बोलवा. ते तुमच्या अखत्यारीत नाहीत, पण गाळणी त्यांच्याच हातात असते.

भाषेचं थोडक्यात. लाउ विरुद्ध निकोल्स या १९७४ च्या खटल्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांबाबत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की न कळणाऱ्या भाषेत सगळ्यांना सारखंच पुस्तक देणं म्हणजे समान शिक्षण नव्हे. 'आधी इंग्रजी सुधार, मग इलेक्ट्रिकल' असं तुमच्याकडे कुणी म्हणत असेल तर ते थांबवा. दरवर्षी सत्र सुरू होण्याआधी शाळेनं जाहीर सूचना द्यायची असते. कोणते व्यवसाय आहेत, प्रवेशाचे निकष काय, भेदभाव होणार नाही, टायटल नाइन आणि सेक्शन ५०४ चे समन्वयक कोण, त्यांचा पत्ता आणि फोन. तुमच्या भागात इंग्रजी कमी येणारा समाज असेल तर ती त्यांच्या भाषेत, त्यांच्यापर्यंत पोचेल अशी, आणि इंग्रजी येत नाही ही अडचण ठरू दिली जाणार नाही असं स्पष्ट म्हणणारी हवी. वेबसाइटच्या तळाशी इंग्रजीत एक ओळ टाकली की झालं, असं समजणाऱ्या शाळा मी मोजायच्या सोडल्या होत्या. किराणा दुकानं, चर्च, गुरुद्वारा, जिथं माणसं खरंच असतात तिथं कागद लागला पाहिजे.

इमारतीचं काम मात्र आजपासून करता येतं. पहिला प्रश्न: कोणता भाग कधी बांधला आणि शेवटचं मोठं काम कधी झालं? मापदंड त्यावर ठरतो. जून १९७७ च्या सुरुवातीपूर्वीच्या इमारतीत प्रत्येक खोली सुगम असायला हवी असं नाही, पण शिक्षण सुगम हवं. म्हणजे वर्ग खालच्या मजल्यावर हलवूनही भागतं. त्यानंतरच्या बांधकामाला त्या त्या काळचे मापदंड लागतात, आणि १५ मार्च २०१२ पासूनच्या कामाला एडीएचे, म्हणजे अपंगत्व असलेल्यांच्या हक्कांच्या केंद्रीय कायद्याचे, २०१० चे मापदंड. एका शाळेत तीन काळांचे तीन विंग असणं अगदी नेहमीचं आहे, तेव्हा नकाशावर वर्षं लिहून ठेवा. मग मोजपट्टी घ्या. दाराची मोकळी रुंदी ३२ इंच. रॅम्पचा चढ एकास बारा. भिंतीवरून बाहेर आलेली वस्तू जमिनीपासून २७ ते ८० इंचांच्या पट्ट्यात असेल तर ती चार इंचांपेक्षा पुढे नको, कारण पांढऱ्या काठीला ती सापडत नाही आणि डोकं आपटतं. कामाच्या बाकांपैकी निदान पाच टक्के, किमान एक तरी, २८ ते ३४ इंच उंचीचा आणि खाली गुडघे जातील असा. वर्कशॉपात डोळे धुण्याचं यंत्र व्हीलचेअरवरून गाठता येतं का, तेही पाहा. ते अनेकदा पाइपांच्या मागे असतं.

मला सर्वांत जास्त वेळा सापडलेली चूक सांगते. स्वच्छतागृहाचं दार मापात बसवलेलं, फलक बरोबर, आणि आतून दार ओढायच्या बाजूला, कडीपाशी, कचऱ्याचा मोठा डबा. त्या जागी १८ इंच मोकळी जागा लागते, नाहीतर व्हीलचेअरवरचा माणूस आत जातो आणि बाहेर पडू शकत नाही. लाखो डॉलरचं नूतनीकरण एका डब्यानं वाया जातं. सफाई कर्मचाऱ्यांना कारण समजावून सांगा. नुसतं 'इथं ठेवू नका' सांगितलं तर आठवड्यात डबा परत येतो.

कपडे बदलायच्या खोल्यांचंही बघा. मुलग्यांना वर्कशॉपला लागून लॉकर आणि मुलींना दुसऱ्या इमारतीत जावं लागतं, हे अजून दिसतं. सोय दोघांना तोलामोलाची हवी, मग वेगळी खोली द्या किंवा तीच खोली पाळीपाळीनं. आणि हातमोजे, जॅकेट, बूट, सेफ्टी हार्नेस लहान मापांत आहेत का? सैल हातमोजा घालून ग्राइंडरपाशी उभ्या राहिलेल्या मुलीला 'हिला जमत नाही' म्हणताना मी ऐकलं आहे. तिला मापाचा हातमोजा दिल्यावर जमलं.

कंपन्यांमध्ये मुलं पाठवता, तिथली जबाबदारीही शाळेवर येते. एखादा गॅरेजवाला फोन करून 'यंदा मुलगेच पाठवा' म्हणाला आणि तुमच्या समन्वयकानं मुलगेच पाठवले, तर भेदभाव शाळेनं केला. कंपनीशी होणाऱ्या लेखी करारात भेदभाव न करण्याची हमी लागते. जुने करार काढा, ती ओळ नसेल तर नवे करा. अप्रेंटिसशिपच्या करारांनाही हेच लागू.

वर्गात एकटी मुलगी असेल तर तिच्याशी लैंगिक छळाबद्दल कोण आणि कसं बोलतं, तक्रार कुठे करायची हे तिला माहीत आहे का, हे पथक मुलींनाच विचारेल. टायटल नाइनचे २०२४ चे नवे नियम जानेवारी २०२५ मध्ये केंटकीतल्या संघीय न्यायालयानं रद्द ठरवले, त्यामुळे सध्या २०२० च्या नियमांप्रमाणे कार्यपद्धती असायला हवी. तुमचं धोरणपत्रक कोणत्या नियमांवर आहे ते तपासा. मधल्या काळात बदलून पुन्हा बदलायचं राहिलेल्या शाळा बऱ्याच असतील.

आता कागदांचा प्रश्न. मागणीपत्र पथक स्वतः पाठवेल आणि त्यात सगळं असेल: जाहीर सूचना, माहितीपुस्तिका, तक्रारनिवारणाची पद्धत, समन्वयकांच्या नेमणुका, प्रवेशाचे निकष, करार, पटाचे आकडे, शिक्षकभरतीच्या जाहिराती. ते आल्यावर जमवता येतं. एकच सल्ला: तपासणीच्या तोंडावर मागच्या तारखांचे कागद तयार करू नका. धोरण गेल्या आठवड्यात मंजूर झालं असेल तर तसंच दाखवा. पथक दिवसभर मुलाखती घेतं, आणि कागदावर नाव असलेल्या समन्वयकालाच आपण समन्वयक आहोत हे माहीत नसणं, असं मी एकदा नाही, अनेकदा पाहिलं. चुका सापडतीलच. त्यानंतर निष्कर्षपत्र येतं आणि शाळा स्वेच्छेनं पूर्ततेची योजना देते, काय, कोण, कधीपर्यंत. बहुतेक शाळांचं काम तिथेच सुरळीत पुरं होतं. निधी बंद होण्याची भीती घालून शिक्षकांना पळवू नका.

तुम्ही लिहिलंय की सहकारी म्हणतात, 'आता वॉशिंग्टनमध्ये हे कोण बघतंय?' त्यांचं म्हणणं हवेतलं नाही. मार्च २०२५ मध्ये ओसीआरच्या बारा प्रादेशिक कार्यालयांपैकी सात बंद करण्याचा निर्णय झाला. एप्रिल २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढून, हेतू भेदभावाचा नसला तरी परिणाम तसा होतो यावर आधारलेल्या कारवायांना प्राधान्य देऊ नये असं खात्यांना सांगितलं. ओसीआरमधल्या ज्या लोकांकडून आम्ही शिकलो, त्यांची कार्यालयं बंद होताना पाहणं मला फार जड गेलं. पण टायटल सिक्स, टायटल नाइन, सेक्शन ५०४ आणि एडीए हे काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, केलेले कायदे आहेत आणि ते अजून लागू आहेत. बऱ्याच राज्यांचे स्वतःचे कायदे आहेत. पालक न्यायालयात जाऊ शकतात. आणि मॅसॅच्युसेट्सच्या मंडळानं सोडतीचा निर्णय घेतला तो त्या आदेशानंतर महिन्याभरानं. राज्याला करायचं असेल तर करता येतं.

शेवटी तुमचा वेल्डिंगचा मुलगा. त्याची बाब मी मुद्दाम मागे ठेवली, कारण ती तपासणीपर्यंत थांबू शकत नाही.

शिक्षकांना आधी विचारा, आर्क, म्हणजे वेल्डिंगची विजेची ज्योत, पेटवलेला असताना, कानात प्लग आणि हेल्मेट खाली ओढून बूथमध्ये उभा असलेला ऐकू येणारा मुलगा काय ऐकतो? जवळजवळ काहीच नाही. चांगल्या वर्कशॉपात त्याला सावध करायची पद्धत आधीच ठरलेली असते: खांद्यावर ठरावीक थाप, बूथच्या वरचा दिवा, कुणाच्या मागून जायचं नाही याचा नियम. ऐकू न येणाऱ्या मुलासाठी यात भर घालावी लागते. आगीच्या घंटेला जोडलेला लुकलुकणारा दिवा, दुभाषी उभा राहील अशी उजेडाची जागा, आणि शिकवण्याचा क्रम बदलणं. हेल्मेट खाली असताना खुणा दिसत नाहीत, म्हणून आधी पूर्ण सांगायचं, मग आर्क, मग थांबून पुन्हा बोलायचं. हा शेवटचा बदल सगळ्याच वर्गाला फायद्याचा ठरतो, हे मला एका वेल्डिंगच्या शिक्षकांनीच सांगितलं.

कायद्याच्या बाजूनं, 'धोका आहे' हे सर्वसाधारण वाक्य चालत नाही. या मुलाचा, या वर्कशॉपातला, या यंत्रांपाशीचा धोका प्रत्यक्ष पुराव्यावरून तपासायचा, आणि सोयी करूनही तो गंभीर उरतो का ते ठरवायचं. ते एकटे शिक्षक ठरवत नाहीत. मुलाचा सेक्शन ५०४ किंवा आयईपीचा (त्याच्यासाठी आखलेल्या वैयक्तिक शिक्षण-आराखड्याचा) जो गट आहे तो ठरवतो, आणि वेल्डिंगच्या शिक्षकांनी त्या बैठकीला असायलाच हवं. कुणी म्हणालं की 'शिकला तरी त्याला नोकरी कोण देणार?', तर १९७९ ची तत्त्वं पुढे ठेवा. एखाद्या व्यवसायात अपंगत्व असलेल्यांना नोकरीच्या संधी कमी असू शकतील, या कारणावरून शिक्षणाचा प्रवेश नाकारता येत नाही, असं त्यांत सरळ लिहिलं आहे.

शिक्षकांना आरोपी करू नका. तीस वर्षं एकाही मुलाचा डोळा जाऊ न दिलेला माणूस घाबरतो तेव्हा ती भीती खरी असते, आणि पुढे त्या मुलाला सांभाळणार आहेत तेच. या आठवड्यात पालकांना फोन करा. वर्कशॉप रिकामं असेल अशा दुपारी मुलाला, दुभाष्याला आणि शिक्षकांना तिथे घेऊन जा. मुलाला बूथमध्ये उभं करा, दिवा कुठून दिसतो ते त्यालाच विचारा आणि शिक्षकांना त्याच्या उत्तराची नोंद करू द्या. तोच कागद बैठकीत ठेवा.